रक्तपेढीतला मुका भोंगा

१

सकाळी सव्वासात. रक्तपेढीच्या तंत्रज्ञ बाईंनी मोठ्या फ्रीजचं दार उघडलं आणि आतून गारवा आला नाही. आतल्या तापमापकावर अकरा अंश होते. रक्त दोन ते सहा अंशांत ठेवावं लागतं. त्याच्या वर गेलं की शेजारच्या भिंतीवरचा भोंगा वाजायला हवा. भोंगा गप्प होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे सगळं ठीक आहे.

सगळ्या पिशव्या टाकून द्याव्या लागल्या. दोन शस्त्रक्रिया पुढे गेल्या. त्यांतल्या एका शस्त्रक्रियेसाठी एक बाई ऑपरेशनचे कपडे घालून स्ट्रेचरवर तयार होती. तिला परत वॉर्डात नेलं. तिच्या नवऱ्याने विचारलं, "रक्त खराब झालं म्हणजे काय? कोणी बघत नव्हतं का?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

उत्तर दुपारी आलं, भोंगा चालवणारा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीकडून. पत्रात दिलगिरी एका ओळीत उरकली होती. बाकीचा सगळा कागद एका मुलीबद्दल होता. तिने महत्त्वाची फाइल काढून टाकली, तिचं नाव नोंदीत आहे, तिला कामावरून काढत आहोत, आणि रुग्णालयाने तिच्यावर फौजदारी तक्रार केल्यास 'आमची हरकत नाही'.

हरकत नाही! पिशव्या अजून मोजून व्हायच्या होत्या आणि कंपनीचा तपास संपलासुद्धा होता.

रुग्णालयाची समिती दुसऱ्या दिवशी पाच वाजता बसणार होती. पत्र तिथे मान्य झालं की तक्रार पोलिसांत जाणार. त्याआधी कोणीतरी जाऊन बघून यावं, असं समितीतल्या एकाला वाटलं. म्हणून तपासनीस बाईंना फोन गेला.

२

तपासनीस बाईंनी उमेदीची वर्षं प्रोग्राम लिहिण्यात घालवली होती. आता त्या रुग्णालयांसाठी बिघडलेल्या यंत्रांची चौकशी करत. त्यांची एक खोड होती. सगळे जिथे बोट दाखवतात तिथे त्या शेवटी बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंपनीत पोचल्या. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत कामाची टेबलं, दुसरीत बैठकीचं लांब टेबल, छताला प्रोजेक्टर आणि समोर कोरी पांढरी भिंत. कामाच्या खोलीच्या कोपऱ्यात चाकांच्या ट्रॉलीवर एक संगणक, त्याला जोडलेला भोंगा, आणि भोंग्याच्या सेन्सरची वायर त्याच ट्रॉलीवरच्या एका छोट्या फ्रीजमध्ये गेलेली. प्रोग्राम इथे तपासून बघत.

मालकांनी बाईंना खुर्ची दिली आणि स्वतःचा स्क्रीन वळवला.

"मॅडम, सरळ केस आहे. आमच्या प्रोग्रामच्या सगळ्या फाइली एका सामाईक जागी असतात. रेपो म्हणतात त्याला. कोणी काही बदललं की त्याची नोंद होते, ते कमिट. कमिटवर नाव येतं, वेळ येते. आता हे बघा. मर्यादांची फाइल, ज्यात दोन आणि सहा हे आकडे होते, ती रेपोतून काढली. नाव कोणाचं?"

नाव त्या मुलीचं होतं. ऑफिसात सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत.

"रुग्णालयातला जुना संगणक जळला," मालक सांगू लागले, "म्हणून आम्ही नवा बसवला. त्यावर रेपोतून ताजी प्रत उतरवली. रेपोतच फाइल नाही, तर तिकडे जाणार कुठून?"

"फाइल नसेल तर प्रोग्रामने बोंब मारायला हवी."

"मारत नाही. मर्यादांची फाइल सापडली नाही तर तो नमुन्याची फाइल घेतो. तीत शून्य ते चाळीस आहे."

"म्हणजे रक्ताला ताप भरला तरी भोंगा झोपलेला."

मालक हसले नाहीत. "मुद्दा काय, तर नाव स्पष्ट आहे."

"कमिटवर कारण काय लिहिलंय?"

"एकच शब्द. 'सफाई'. केली हो सफाई, आमचीच केली." ते खुर्चीत मागे रेलले. "वाईट वाटतं, मॅडम. त्याच दिवशी आमच्याकडे एवढी मोठी पार्टी आली होती. जावईबापूंनी काय प्रात्यक्षिक दिलं! ट्रॉली बैठकीच्या खोलीत नेली, सेन्सर फ्रीजमधून काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. पाहुणे बघतायत. जावईबापूंनी गरम चहाचा कप उचलून सेन्सरला टेकवला, आणि भोंगा असा कडाडला की टाळ्याच पडल्या. आणि इकडे त्याच दुपारी या बयेने आमच्या पायावर धोंडा पाडला."

"कप टेकवायच्या आधी भोंगा गप्प होता?"

"अर्थात. नाहीतर गंमत काय?"

बाईंनी मान हलवली आणि विचारलं, "त्या कमिटमध्ये आणखी काय आहे?"

"आणखी?" मालक पहिल्यांदा गोंधळले. "आणखी काय असणार? फाइल गेली, एवढंच."

तेवढंच नव्हतं.

३

त्या कमिटमध्ये एक फाइल गेली होती आणि एक आली होती. जी गेली तिच्याकडे सगळे बघत होते. जी आली ती कोणी उघडलीच नव्हती.

प्रोग्राम ज्या एडिटरमध्ये लिहितात त्याच्या वैयक्तिक आवडीनिवडींची ती छोटीशी फाइल होती. अशा फाइलीला रेपोत काही काम नसतं. ती आपला चष्मा कार्यालयाच्या कपाटात जमा करण्यासारखी गोष्ट. आतमध्ये एकच आवड नोंदवलेली होती. अक्षरांचा आकार, चौतीस.

धाकटी जिन्यात बसली होती. पिशवी मांडीवर, पिशवीत मग आणि कीबोर्ड. तिला आत जायची मनाई होती आणि हिशेब मिळाल्याशिवाय घरी जायची तिची तयारी नव्हती.

"तू केलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही. आणि 'सफाई' हा शब्द वाचून तरी कळायला हवं होतं त्यांना. मी काय काढलं, का काढलं, सगळं लिहिते. आमच्या ऑफिसातले काका म्हणायचे, कमिट करतेस की कादंबरी लिहितेस? मी जर ही फाइल काढली असती तर खाली निबंध असता."

"तुझं नाव आहे."

"कोपऱ्यातल्या संगणकावर माझंच नाव आहे, मॅडम. तो मी लावला. लावताना नाव विचारतो, तेव्हा माझं टाकलं. तेव्हापासून त्याच्यावरून कोणीही काही केलं की माझ्या नावाने जातं. मी दोनदा सांगितलं, प्रत्येकाचं वेगळं करू. तर म्हणाले, आपल्या घरच्यासारख्या ऑफिसात एवढा संशय कशाला." ती थांबली. "घरच्यासारखं! माझ्या घरी माझ्या नावावर दुसऱ्याचा गुन्हा लिहीत नाहीत."

"त्या कमिटमध्ये एका एडिटरच्या आवडीनिवडींची फाइल आलीय. तू स्वतः कोणतं एडिटर वापरतेस?"

"तेच. पण त्याच्या आवडीनिवडी माझ्या लॅपटॉपवरून रेपोत जाऊच नयेत, अशी सोय मी केलीय. माझी अक्षरं बारा आकाराची आहेत. आई म्हणते, मुंग्या वाचतेस काय."

"तक्रार झाली तर?"

पिशवीचा बंद तिने बोटाला गुंडाळला. "झाली तर काय. रक्त नासवणारी मुलगी. दवाखान्याचं सोडा, दुकानाच्या बिलांचा प्रोग्रामसुद्धा कोणी देणार नाही लिहायला. आणि खरं सांगू? मला त्या स्ट्रेचरवरच्या बाईंचं जास्त लागलंय. कारण ही फाइल आत ठेवा म्हणून भांडणारी ऑफिसात मी एकटीच होते."

"कोणाशी भांडलीस?"

"काकांशी. दुर्लक्षाच्या यादीवरून."

आणि काका, हे बाईंनी आत येतानाच पाहिलं होतं, जाड भिंगाचा चष्मा लावत. नाक स्क्रीनला टेकवून काम करत.

४

काका कंपनीचे सगळ्यांत जुने प्रोग्रामर. प्रोग्रामचा पाया त्यांनी घातलेला. रुग्णालयातल्या नव्या संगणकावर प्रत उतरवणारेही तेच.

"उतरवल्यावर तपासलं नाही?"

"तपासलं की. चाचणीचं बटण दाबलं, भोंगा वाजला."

"बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, म्हणजे भोंगा चांगला आहे. मर्यादा कोणत्या आहेत ते बघितलं?"

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला.

"दुर्लक्षाची यादी काय आहे, काका?"

"रेपोत काय घ्यायचं नाही, त्याची यादी. त्यात जे नाव असेल ते रेपोला दिसत नाही. पासवर्ड, तात्पुरत्या फाइली, असलं. मी नियम घातला होता की सेटिंगच्या फाइली रेपोत नकोत. प्रत्येक जागेची सेटिंग वेगळी. म्हणून त्या सगळ्यांना वगळणारी एक ओळ मी त्या यादीत टाकली."

"मर्यादांची फाइलसुद्धा त्या ओळीत बसते."

"बसते. पण ती आधीपासून आत होती. आधीपासून आत असलेल्या फाइलीला ही यादी लागू होत नाही. त्यामुळे काही बिघडलं नाही."

"ती बाहेर पडेपर्यंत."

"हो." काकांचा आवाज खाली गेला. "धाकटी म्हणाली होती. म्हणाली, काका, पासवर्ड जागेप्रमाणे बदलतो, रक्त बदलत नाही. दोन ते सहा हे सेटिंग नव्हे, हाच प्रोग्राम आहे, बाकी सगळी सजावट. मी म्हटलं, चार बुकं जास्त शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस."

"आणि फाइल नसली तर गुपचूप नमुना घ्यायचा, हे कोणाचं?"

"माझंच. सुरुवातीला टेबलावर काम करताना खोलीच्या उष्णतेनेच भोंगा ओरडत सुटायचा. डोकं उठायचं."

बाईंनी त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं. काळी खिडकी, हिरवी अक्षरं, माउसला हातही न लावता चाललेलं काम. अक्षरं मोठी होती, पण ते एडिटर नव्हतं.

"हे दुसरं एडिटर तुम्ही कधी वापरता?"

"ते रंगीबेरंगी? नाव काढू नका. त्याच्या फाइली कशा दिसतात तेसुद्धा मला ठाऊक नाही."

म्हणूनच त्या फाइली दुर्लक्षाच्या यादीत नव्हत्या. काकांना जे दिसत नव्हतं ते त्यांनी वगळलंही नव्हतं. नियम करणाऱ्याच्या टेबलावर जेवढं मावतं तेवढाच नियम झाला होता. ठेवायला हवी होती त्या फाइलीला दार बंद, आणि नको होती तिला उघडं.

मग चौतीस आकाराची अक्षरं कोणाला लागतात? डोळे अधू असलेल्या माणसाला लागतात. आणि आणखी एकाला लागतात.

बाई उठून बैठकीच्या खोलीत गेल्या आणि कोऱ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मग मालकांना म्हणाल्या, "जावईबापूंना बोलवा. मला ते प्रात्यक्षिक बघायचंय. चहासकट."

५

जावईबापू हसतमुख गृहस्थ होते. गिऱ्हाइकं आणणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना जमत असे. त्यांनी ट्रॉली स्वतः ढकलत आणली. बाईंच्या सांगण्यावरून धाकटीलाही आत घेतलं गेलं. ती दाराशी उभी राहिली. काका भिंतीला टेकून. मालक मधल्या खुर्चीत.

"मर्यादांची फाइल आत्ता या संगणकावर आहे का?" बाईंनी काकांना विचारलं.

काकांनी पाहिलं. "आहे. दोन आणि सहा."

"रेपोत नाही, पण इथे आहे. बरं. जावईबापू, करा सुरू. अगदी त्या दिवशीसारखं."

जावईबापूंनी सेन्सर छोट्या फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवला आणि ते पाहुण्यांसमोर बोलावं तसं बोलू लागले. "तर आपण बघणार आहोत, की तापमान जरा जरी..."

भोंगा ओरडला. सेन्सरने खोलीची हवा लागताच सहाचा आकडा ओलांडला होता. चहाचा कप अजून बशीतच होता.

खालच्या टायरवाल्याने ओरडून विचारलं, काय आग लागली का. काकांनी धावत जाऊन आवाज बंद केला.

"त्या दिवशी असं झालं नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी भोंगा कपाची वाट बघत बसला होता. खोलीत बसून गप्प राहणारा आणि चहाला ओरडणारा भोंगा एकाच मर्यादेचा असू शकतो. शून्य ते चाळीस. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वेळी खरी फाइल इथे नव्हती."

"तेच तर!" मालक म्हणाले. "हिने आधीच काढली होती."

"थांबा. ज्या कमिटमध्ये फाइल गेली, त्याच कमिटमध्ये याच संगणकावरची एक आवड आत आली. चौतीस आकाराची अक्षरं. या खोलीत बसून भिंतीवरचं वाचायला तेवढी लागतात. धाकटीला भिंतीवर वाचायचं काही कारण नव्हतं. ती त्या दिवशी या खोलीत होती का?"

"मला चहा आणायला सांगितला होता," धाकटी दारातून म्हणाली. "मी नाही म्हटलं. म्हणून मग बोलावलंच नाही."

"जावईबापू, भोंगा ओरडू नये म्हणून तुम्ही फाइल हटवलीत. आणि हटवून..."

"मी परत ठेवली होती!" जावईबापू म्हणाले.

म्हणून झाल्यावर ते सासऱ्यांकडे बघू लागले.

"ठेवली होती ना परत," ते पुन्हा म्हणाले, आता हळू. "पाहुणे गेल्यावर लगेच. डेस्कटॉपवर काढून ठेवली होती, ती परत जागेवर टाकली. संगणकाने काही तक्रार केली नाही. सगळं ठीक दाखवत होता."

"काकांच्या ओळीमुळे. फाइल एकदा रेपोबाहेर गेल्यावर दुर्लक्षाची यादी तिला लागू झाली. तुम्ही परत ठेवलीत ती फक्त या ट्रॉलीवर. रेपोला ती दिसलीच नाही, म्हणून तो बोलला नाही. आता सांगा, मधे कमिट का केलंत?"

जावईबापूंनी कप हातात घेतला, परत ठेवला. "पाहुण्यांनी विचारलं, तुमच्याकडे फाइली हरवत नाहीत कशावरून. म्हणून मी दाखवलं. म्हटलं, बघा, आमचा एकूण एक बदल नोंदवला जातो, काहीही हरवू शकत नाही. आणि सगळं-नोंदवा बटण दाबलं. काहीतरी लिहावं लागतं, म्हणून 'सफाई' लिहिलं."

काही हरवत नाही हे दाखवण्यासाठी दाबलेल्या बटणाने ती फाइल हरवली होती.

"आणि बटण दाबल्यावर," बाई म्हणाल्या, "कमिट भिंतीवर दिसलं. नावासकट. चौतीसच्या अक्षरांत. तुम्ही वाचलंत."

"हो."

"मालक, तुम्ही कुठे बसला होतात?"

मालक त्याच खुर्चीत बसले होते, ज्या खुर्चीत आत्ता होते. भिंत समोर होती.

"म्हणजे जावयाने दाबलेल्या बटणावर या मुलीचं नाव उमटतं, हे तुम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलंत. आणि पत्रात लिहिलंत, नाव नोंदीत आहे."

"मॅडम, एवढ्या गडबडीत कोणाच्या लक्षात..." मालकांनी वाक्य सोडून दिलं आणि दुसरं उचललं. "घरचा माणूस आहे हो. मुलीचा संसार आहे. जरा समजून घ्या."

"आणि ही कोणाच्याच घरची नाही?"

धाकटी रडली नाही. ती ट्रॉलीजवळ आली, भोंग्यावर हात ठेवला आणि जावईबापूंना म्हणाली, "चुकून झालं ते समजू शकते. मी पण चुकते. पण काल सकाळी तुम्ही मला म्हणालात, तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती. ते चुकून म्हणालात का?"

जावईबापूंनी सेन्सर उचलून परत फ्रीजमध्ये ठेवला.

काका भिंतीपासून सुटे झाले. "यादीतली ओळ माझी आहे. नमुन्याचा शहाणपणा माझा आहे. मी येतो समितीपुढे."

"याल तर बरं," बाई म्हणाल्या. "पण ओळ चुकणं आणि पत्र लिहिणं यांत मी फरक करते. तेही तिथे सांगणार आहे."

६

समिती पाच वाजता बसली. तपासनीस बाईंनी सांगितलं ते समितीने ऐकलं, काकांचं ऐकलं, आणि धाकटीला आत बोलावून तिचंही ऐकून घेतलं. मालक आले नाहीत. जावईबापू आले नाहीत. पुढे गेलेल्या शस्त्रक्रियेतल्या बाईंचा नवरा दाराबाहेर बाकावर बसून होता. त्याने धाकटीला विचारलं, "तूच का ती?" ती म्हणाली, "नाही." त्याने तिला बसायला जागा करून दिली.

समितीने पोलिसांतली तक्रार थांबवली आहे; रद्द केलेली नाही. कंपनीने पत्र मागे घेतल्याशिवाय रद्द करता येत नाही, असं कायदा बघणाऱ्यांचं म्हणणं. कंपनीने पत्र मागे घेतलेलं नाही. चौकशी संपेपर्यंत रेपोत कोणताही बदल करू नये, असं समितीने बैठकीच्या सुरुवातीलाच मालकांना फोनवर कळवलं होतं. रक्तपेढीतल्या संगणकावर काकांनी मर्यादांची फाइल हाताने ठेवली आहे, आणि तंत्रज्ञ बाई आता भोंग्यावर विसंबत नाहीत. स्वतः दार उघडून बघतात.

त्या संध्याकाळी रुग्णालयातून निघण्याआधी तपासनीस बाईंनी सवयीप्रमाणे रेपो पुन्हा एकदा उघडून बघितला. त्यात एक नवं कमिट होतं, फोननंतरचं. मर्यादांची फाइल परत आलेली नव्हती. चौतीस आकाराच्या अक्षरांची फाइल मात्र काढून टाकलेली होती. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. हे काढणाऱ्याला माहीत नसावं.

कारण लिहिलं होतं, 'सफाई'.

नाव धाकटीचं होतं. कमिट झालं त्या वेळी धाकटी समितीपुढे उभी राहून साक्ष देत होती, आणि काका तिच्या शेजारी होते.

बटण कोणी दाबलं, हे कंपनीने अद्याप सांगितलेलं नाही.